आतल्या घरातली भेग

एका अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी मी तीन दिवस गढूळ करून ठेवलं होतं, हे आधीच सांगून टाकते. कारण फिल्म बघितलेले लोक भेटले की पाण्याखालच्या त्या हळदीच्या दृश्याचं कौतुक करतात आणि मी आपली मान डोलावत उभी राहते. त्यांना काय माहीत, ते दृश्य मिळायच्या आधी आंदर मावळातल्या बायकांनी मला काय काय ऐकवलं होतं! आणि ऐकवलं ते बरंच केलं, असं मी आजही म्हणते.

मी तळेगावची. पाण्याखाली कॅमेरा चालवणं हा माझा धंदा. पोहायला शिकले ती पाठीला पत्र्याचा डबा बांधून, घरामागच्या मळ्यातल्या विहिरीत. त्या विहिरीवर आता सोसायटीचं पार्किंग आहे. पुढे समुद्रात बुडी मारायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि त्याच्यापुढे पाण्याने भरलेल्या गुहांत शिरायचं. ते शिकून घरी आले तेव्हा आई म्हणाली, "बाहेर काय जागा कमी पडली का तुला?" तिला मी अजून नीट उत्तर देऊ शकलेले नाही. पण डोक्यात एक गोष्ट पक्की होती. फिल्म करायची तर जमिनीखालच्या पाण्यावर, आणि तीही माझ्या तालुक्यात.

मावळात पावसाला तोटा नाही. लोणावळ्याला माणसं भिजायला म्हणून येतात, पवनानगरला धरणाच्या काठी तंबूत राहतात, फोटो काढतात, कणसं खातात आणि जातात. त्याच तालुक्यात होळी झाली की डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन ओढ्याची वाट धरतात. एवढं पडलेलं पाणी जातं कुठे आणि राहतं कुठे, हे मला दाखवायचं होतं. नकाशावर निळे बाण काढून नाही, आत जाऊन. फिल्मची सोय बघणारे पुण्याचे गृहस्थ हसले. म्हणाले, "मॅडम, हा सगळा काळा पाषाण. इथे पाण्याखालच्या गुहा कुठून आणणार? परदेशातली दृश्यं घेऊ की." मला 'मॅडम' म्हणून गोड आवाजात नाही म्हटलेलं अजिबात खपत नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, दाखवतेच आता.

जागा दाखवली ती भाईने. भाई म्हणजे माझा बुडीतला जोडीदार. लोणावळ्यात त्याचं गाड्यांचं गॅरेज आहे आणि धरणात कुणी बुडालं की पोलीस आधी त्याला फोन लावतात. त्याची सासुरवाडी आंदर मावळातली. तिथून जवळच्या एका गावात, डोंगराच्या पोटात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे असं तो म्हणाला. "पुढे दोन खांब आहेत. मागच्या भिंतीत खाली एक बुटका दरवाजा आहे, तो सध्या पाण्यात. त्याच्या पलीकडे अजून एक खोली. गावातले तिला आतलं घर म्हणतात. आता याला गुहा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

ते टाकं बघितलं आणि मी तिथेच बसले. कुणी कोरलं, कधी कोरलं, कुणाला ठाऊक नाही. कुठल्या यादीतही ते नाही. खांबांपर्यंत ऊन येतं, त्याच्यामागे अंधार. पाणी एवढं स्वच्छ की काठावरून तळातलं फुटलेलं खापर दिसत होतं. बायका काठावर उभ्या राहून दोरीने कळशी सोडत होत्या आणि एकीचाही पाय पाण्याला लागत नव्हता.

तोच तिथला नियम. टाक्यात पाय घालायचा नाही. वर्षातून एकदा, वैशाखात, उपसणीचा दिवस असतो. त्या दिवशी घरटी एक पुरुष आंघोळ करून अनवाणी आत उतरतो, तळाचा गाळ काढतात, बायका बाहेर रांग धरून घमेली पुढे सरकवतात. एरवी वर्षभर कुणी आत जात नाही. हा नियम सांभाळणारे आबा. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, धंद्याने गवंडी. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्यांनी बांधलेली. टाक्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, सरपंचबाईसुद्धा त्यांच्यापुढे हळू आवाजात बोलायच्या.

"कुटनं आलाय?" आबांनी विचारलं.

"तळेगावहून."

"मंग तितं पाणी न्हाई का?"

भाई तोंड फिरवून हसला. मी फिल्मचं सांगितलं, आबा ऐकत होते आणि पटत काही नव्हतं. मग सरपंचबाईंनी मला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. दुष्काळाच्या सालापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, टाकं लवकर आटत होतं. पूर्वी वैशाखापर्यंत पुरायचं, आता होळीला तळ दिसायचा. म्हणून गावाने ठरवलं होतं की होळी झाली की सुरुंग लावायचा. तळ फोडून टाकं खोल करायचं. सुरुंगवाल्याशी बोलणंही झालं होतं. मी त्या रात्री घरी येऊन भूजलाचा अभ्यास असलेल्या माझ्या एका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "काळ्या पाषाणाचा तळ धरून आहे म्हणून पाणी टिकलंय. सुरुंगाने तो तडकला तर आहे तेही खाली निघून जाईल. टाकं कायमचं कोरडं."

तो पौष महिना होता. होळीला दोन-अडीच महिने. फिल्म गेली खड्ड्यात, पाणी कमी का होतंय ते होळीच्या आत शोधायचं, एवढं मी मनाशी धरलं. सरपंचबाईंनी आबांना गळ घातली. आबांनी अट घातली: मी आणि भाईने आंघोळ करायची, रबरी सूटपासून कॅमेऱ्याच्या पेटीपर्यंत सगळं सामान धुवायचं, आणि त्याच्यासाठी टाक्यातलं पाणी वापरायचं नाही. आम्ही तळेगावहून पिंपं भरून आणली. सिलिंडरला उटणं लावायचं तेवढं बाकी ठेवलं, बाकी सगळं केलं.

गुहेत बुडी मारायचे नियम साधे असतात. दोरी बांधून आत जायचं आणि ती दोरी सोडायची नाही. हवेचा एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग अडीअडचणीला. पहिला भाग संपला की समोर सोन्याची खाण दिसली तरी मागे फिरायचं. आणि तळाचा गाळ उडवायचा नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवते. आणि पहिल्या बुडीत मी काय केलं? मोठा कॅमेरा घेतला, दोन मोठे दिवे घेतले, पायात लांब फिन्स, म्हणजे पोहायची रबरी वल्ही, चढवले, कारण मला ते पुण्याचे गृहस्थ दिसत होते, तोंडात बोट घातलेले. दरवाज्यातून अर्धी आत गेले आणि कॅमेऱ्याची पेटी वर अडकली. सुटायला म्हणून पाय मारला. झालं! वैशाखापासून साचलेला गाळ एका फटक्यात उठला. दिवा डोळ्यासमोर धरला तरी दिसेना. मी दोरी मुठीत धरली, डोळे मिटून घेतले आणि दोरीवर हात टाकत टाकत मागे आले. घाबरले होते. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती.

वर आले तर टाक्याचा चहा झालेला. दुधाचा, घट्ट. काठावर सहा-सात बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. सगळ्यांत पुढे मावशी, आबांची बायको, गुडघ्याला फडकं बांधलेली.

"आता भात कशात शिजवू? तुज्या कॅमेऱ्यात?" मावशी म्हणाल्या.

मी काहीतरी पुटपुटले. गाळ खाली बसेल, तीन दिवस लागतील, टँकरची सोय बघते वगैरे.

"टँकर ह्या चढाला येत न्हाई, बाय. त्यो खालच्या वाडीपतूरच येतो. तुज्या डोक्यावर येतो का?"

बाकीच्या हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. आबांनी माझी भिजलेली दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि निघून गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

भाई म्हणाला, "चल घरी, तीन दिवसांनी येऊ." मी म्हटलं, तू जा. मी शाळेच्या बाईंच्या खोलीत मुक्काम टाकला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मावशींच्या दारात उभी राहिले. म्हटलं, मलाही हंडा द्या. पाणी मी घाण केलंय, मीच भरते. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आत गेल्या आणि जुन्या लुगड्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली.

ओढा खाली, गाव वर. वाट अशी की रिकाम्या हातानेही दम लागावा. पहिल्या दिवशी अर्धा हंडा माझ्या पाठीवरून गेला. बायकांना तेवढीच करमणूक. "तळेगावात बटन दाबलं की पाणी येतं ना, मंग मान कशाला ताठ ऱ्हाईल?" दुसऱ्या दिवशी थोडं कमी सांडलं. मावशी चढावर दर दहा पावलांना थांबायच्या, गुडघा चोळायच्या, डोक्यावरचा हंडा मात्र जागचा हलायचा नाही. होळीनंतर पावसापर्यंत दिवसाला चार खेपा, बारा वर्षं. मी मनात खेपा मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्या चढावर मला पहिल्यांदा कळलं की मी ज्याच्यावर फिल्म करतेय त्याचं वजन किती असतं.

तिसऱ्या दिवशी गार वारं सुटलं होतं. ओढ्याच्या पाण्यात हात घालवेना. मावशी म्हणाल्या, "मी नवी नवरी व्हते तवा पौषात टाक्यातनं वाफ निघायची. सक्काळी पाणी भराया गेलो की आमी पोरी आधी हात शेकायचो. ऊन ऊन पाणी."

मी थांबले. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, हे मळ्यातल्या विहिरीत वाढलेल्या मला कुणी सांगायला नको. जमिनीच्या आतून येणारं पाणी बारा महिने सारखंच असतं. बाहेर थंडी पडली की ते ऊन वाटतं. वाफ निघत होती याचा अर्थ टाक्यात आतून पाणी येत होतं, पौषातसुद्धा. आणि मी तीन दिवसांपूर्वीच त्या पाण्यात होते. बर्फ होतं नुसतं.

"मावशी, वाफ कधीपर्यंत निघायची?"

"दुष्काळ पडला त्या सालापतूर. तवा टाकं पार कोरडं पडलं, आतल्या घरात भेग दिसली. मागच्या भिताडाला, आडवी. समदं पाणी तिकडनंच पळालं म्हनायचं. मंग ह्यांनी शिमिट घालून ती बुजवली. तवापासनं दर उपसणीला नवा थर देत्यात, पाणी पळू ने म्हनून." आणि केवढ्या अभिमानाने म्हणाल्या, "त्यांनी बुजवली म्हनून एवढं तरी ऱ्हायलंय."

पाणी त्या भेगेतून पळत नव्हतं. त्या भेगेतूनच येत होतं! दुष्काळात झरा आटला, भेग कोरडी दिसली, आणि गावाला वाटलं की गळती सापडली. पुढच्या साली झरा परत आला असेल, पण दार बंद. आता टाक्यात यायचं ते फक्त पावसाळ्यात तोंडातून पडलेलं पाणी. आणि हे कुणाच्या लक्षात यावं तरी कसं? आत पाय घालायचा तो वर्षातून एक दिवस, वैशाखात, आणि वैशाखात ती भेग कोरडी. पौषात, जेव्हा पाणी त्या सिमेंटला मागून ढकलत असेल, तेव्हा कुणी आत गेलेलंच नाही. ज्या नियमाने पाणी स्वच्छ ठेवलं त्याच नियमाने ही चूक झाकून ठेवली.

पण हे माझ्या डोक्यात होतं. डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. आणि मावशींना त्या चढावर, हंडा डोक्यावर असताना, मी काय सांगणार? हंडा सावरत चढत राहिले.

गाळ बसला होता. मी आबांकडे गेले आणि अजून एकदा उतरू द्या म्हटलं. आबा म्हणाले, "न्हाई." मी म्हटलं, पाणी कुठून येतं, कुठे जातं ते कळल्याशिवाय सुरुंग लावू नका. ते म्हणाले, "तुमाला इचारून लावायचा का?" आता माझाही पारा चढला होता, आवाजही चढला. मधे मावशी पडल्या. "अवो, तीन दिस पाणी व्हायलंय तिनं. सांडून सांडून व्हायलंय, पर व्हायलंय. जाऊ द्या एक डाव."

आबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "एक डाव," म्हणाले. "मंग तुमी तुमच्या घरी."

आता प्रश्न असा की पाणी कुठल्या दिशेने जातंय हे दिसणार कसं? स्वच्छ पाण्यात काहीतरी रंग सोडावा लागतो. भाई म्हणाला, जिलबीत घालतात तो रंग आणतो लोणावळ्यातून. आबा ताडकन उठले, "टाक्यात रंग?" परत सगळं मोडतंय की काय असं झालं. तेव्हा मावशी चुलीपुढून म्हणाल्या, "हळद घे की. देवाला चालती, पाण्याला न्हाई का चालायची?" आबा परत खाली बसले. मावशींनी घरची हळद कालवून दिली. गुरांच्या डॉक्टरांकडून नवी कोरी, मोठी पिचकारी मिळाली, सुई नसलेली.

या वेळी मी लहान कॅमेरा घेतला, मुठीत मावेल एवढा. फिन्स नाहीत. पोटावर एकच छोटा सिलिंडर. पाय न मारता, बोटांनी छताला धरत धरत सरकले. भाई दरवाज्याच्या अलीकडे दोरी धरून. आतलं घर आमच्या तळेगावच्या स्वयंपाकघराएवढं होतं. चारी भिंतींवर छिन्नीचे घाव, काल मारल्यासारखे. मागच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर दगडाचा एक तांबडा थर आडवा गेला होता, आणि त्या थरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, राखाडी सिमेंट. एकावर एक थर, थापीने घोटलेले, कडा सरळ. किती निगुतीने केलं होतं! मला ते बघून वाईट वाटलं.

उजव्या टोकाला सिमेंट दगडापासून केसभर सुटलं होतं. तिथे गाळाचे चार कण नाचत होते. मी पिचकारी तिथे नेली आणि थेंबभर हळद सोडली. हळद क्षणभर होती तिथे थांबली. भेगेतून पाणी बाहेर पळत असतं तर ती भेगेत ओढली गेली असती. ती माझ्याकडे आली. सावकाश, सरळ, येऊन माझ्या चष्म्याच्या काचेला लागली. मी परत सोडली. परत माझ्याकडे. मग खात्री करायला समोरच्या कोपऱ्यात सोडली, तिथे ती नुसती लोंबकळत राहिली. तोंडात नळी होती तरी मी ओरडले, बुडबुडेच बुडबुडे. अजून बघावंसं वाटत होतं, पण हवेचा पहिला भाग संपला होता. फिरले. एक कणही न उडवता बाहेर आले.

भाईने काठावरच दृश्य बघितलं. आधी "वा!" म्हणाला, मग कॅमेरा परत माझ्या हातात दिला. "आता हे आबांना कोण सांगणार?"

खरं सांगते, एका मनाने मला ते दृश्य घेऊन तडक पुण्याला जावंसं वाटलं. त्या गृहस्थांना आवडलंच असतं. गावाने स्वतःचा झरा स्वतःच बुजवला, काय मसाला! पण ती थापी ज्याची होती त्याच्याआधी ते दुसऱ्या कुणी बघावं हे मला पटेना. संध्याकाळी आबांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. मावशी गोठ्यात होत्या.

आबांनी बघितलं. "परत लावा," म्हणाले. परत लावलं. पडद्याच्या अगदी जवळ गेले. "ही माजी थापी." मग बोट हळदीवर ठेवलं, ती जिकडून तिकडे गेली तसं ओढत आणलं. "पाणी आत येतंय."

"हो आबा."

"भायेर जात न्हाई."

"नाही."

"म्हंजी मीच." एवढं म्हणून ते उठले आणि गोठ्याकडे न जाता उलट्या दिशेला, शेताकडे गेले. मला काय करावं सुचेना. हात जोडून त्यांच्या मागे जावं की लॅपटॉप मिटून पळून जावं?

दोन दिवसांनी ग्रामसभा होती, सुरुंगाचा ठराव पक्का करायला. शाळेच्या वर्गात सगळे दाटीवाटीने बसलेले. मी कोपऱ्यात, कॅमेरा बंद. आबा उभे राहिले. "तुमचं यंत्र चालू हाय का?" मला विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग लावा. दोनदा बोलनार न्हाई मी." मी लावलं.

"सुरुंग लावायचा न्हाई," आबा म्हणाले. "आतल्या घरात झरा हाय. त्यो मी बुजवलाय. मला वाटलं गळती हाय, आन दर साली शिमिट चढवत ऱ्हायलो. आता त्ये मीच फोडनार. दुसऱ्या कुनी छिन्नीला हात लावायचा न्हाई." आणि खाली बसले. बायकांच्या बाजूला मावशी होत्या, त्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांना ते तिथे, सगळ्यांबरोबर कळलं. मला रडू आवरलं नाही, कॅमेरा हलला, आणि तो हललेला भाग मी फिल्ममध्ये तसाच ठेवलाय.

मग खरी अडचण निघाली. फोडायचं तर टाकं रिकामं करायला हवं. होळीपर्यंतचं सगळं पाणी उपसून काढायचं, आणि ते माघ महिन्यात. सरपंचबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, रिकामं केलं आणि झरा आलाच नाही, तर?"

हळदीचे दोन ढग आणि एका म्हातारीच्या आठवणीतली वाफ, एवढ्यावर मी अख्ख्या गावाचा रांजण पालथा करायला सांगत होते. म्हटलं, "तर पाऊस पडेपर्यंत मी इथेच राहीन, तुमच्याबरोबर रोज ओढ्यावर येईन."

"नको गं बाय," मागून एक बाई म्हणाली, "तू सांडतीस लय." सगळे हसले, आणि त्या हसण्यात ठराव झाला.

दोन दिवस गाव टाकं घरी नेत होतं. हंडे, घागरी, पिंपं, गुरांच्या दगडी डोणी, लग्नाकार्याची मोठी पातेली, शाळेची टाकी, एका घरात तर धान्याची पत्र्याची कोठी रिकामी करून धुतली आणि तीही भरली. मी रांगेत उभी होते. कॅमेरा भाईकडे दिला होता, त्याने काय घेतलं ते मी महिनाभर बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतलं घर मोकळं झालं, तळाला चिखल तेवढा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा आंघोळ करून ओलेत्याने आत गेले. मागून मी आणि भाई, दिवे घेऊन. आबा चिखलात गुडघे टेकून बसले आणि उजव्या टोकाला छिन्नी लावली. बारा थर होते. एकेक निघत होता आणि ते प्रत्येकाकडे बघत होते. मधे मी म्हटलं, आबा, भाई करेल थोडं. त्यांनी मान वर न करता नाही म्हटलं. अर्धा तास गेला. शेवटचा थर निघाला, तांबडा दगड दिसला, भेग दिसली. ओली होती, नुसती झिरपत होती. पण धार नाही.

मी आयुष्यात पाण्याखाली घाबरलेय, पण त्या कोरड्या खोलीत घाबरले तेवढी कधी नाही. बाहेर अख्खं गाव उभं होतं. भाई माझ्याकडे बघेना. आबांनी छिन्नी खाली ठेवली नाही. ते पुढे सरकले, डाव्या अंगाला, आणि पुन्हा ठोकायला लागले. ठक, ठक, ठक. हातभर फोडलं, दोन हात फोडलं. मग एक मोठा तुकडा आपोआप सुटून चिखलात पडला आणि त्याच्यामागून आधी गढूळ, लाल, आणि मग स्वच्छ पाण्याची धार आली. करंगळीएवढी. आबांच्या मांडीवर पडायला लागली. ते तसेच बसून राहिले.

मी ओरडले की भाई ओरडला, आठवत नाही. बाहेर गलका झाला. आणि मागे पावलं वाजली. टाक्यात कधीच बाई उतरत नाही, मी सोडून, आणि मी तर परकी. मावशी गुडघा धरत, भिंतीला हात लावत, त्या बुटक्या दरवाज्यातून वाकून आत आल्या. कुणाकडे बघितलं नाही. धारेखाली हात धरला.

"ऊन हाय," म्हणाल्या. मग आबांकडे वळल्या. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. "अवो," म्हणाल्या, "बारा वर्सं माज्या डोक्यावर हंडा न्हवता. तुमचं शिमिट व्हतं."

आबांच्या हातात छिन्नी तशीच होती. त्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते.

"व्हय," म्हणाले. "आता उतरवलं."

मावशींनी ओंजळ भरली आणि आधी त्यांच्या तोंडाला लावली.